काळजीवहिनींचा चालू भाव

काळजीवहिनींना कुणी "काळजी करू नका" असं म्हटलं, की त्यांना नवी काळजी लागायची. हा असं का म्हणाला असेल? म्हणजे काहीतरी असणारच! लेकीला कॉलेजातून यायला जरा उशीर झाला, तर त्या खिडकीत दिसायच्या. आणखी उशीर झाला तर जिन्यात, आणि फारच झाला तर थेट बसथांब्यावर, हातात छत्री घेऊन, आभाळ निरभ्र असलं तरी. "आई, मी एकोणीस वर्षांची आहे," लेक म्हणायची. "तेच तर!" वहिनी म्हणायच्या.

त्यांना वहिनी म्हणायची ती नवऱ्याच्या सलूनमधली गिऱ्हाइकं. पुढचं 'काळजी' कुणी जोडलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण एकदा चिकटलं ते चिकटलंच.

सलून होतं शेअर बाजाराच्या इमारतीमागच्या गल्लीत. तीन खुर्च्या, तीन मोठे आरसे, एकीवर स्वतः मालक, बाकी दोघींवर दोन कारागीर. मागे एक खोली, खोली कसली, कपाटाची थोरली बहीण. तिथे वहिनी टॉवेल धुवायच्या, वाळवायच्या आणि दोन-दोनदा इस्त्री करायच्या. एखादा कोपरा दमट राहिला आणि कुणाच्या मानेत वारं शिरलं तर?

आता सलूनं काय, गल्लोगल्ली असतात. या सलूनची मिजास वेगळी होती. खुर्च्यांमागे गिऱ्हाइकं थांबायच्या बाकाच्या वर, थेट भिंतीला, बाजाराचा चालू भाव दाखवणारा पडदा होता. खुर्चीत बसलेल्याची पाठ त्याच्याकडे, म्हणून तो भाव बघायचा आरशात, उलटा. आणि सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की निवृत्त मास्तर बँकेत गेले की सरळ आकड्यांपुढे अडखळायचे. एक वकील होते. डोक्यावर मोजून आठ केस, पण आठवड्यातून चारदा कटिंग. मालक कात्री हवेत वाजवायचे, वकील आरशात सिमेंटचा भाव बघायचे, दोघंही समाधानी.

असा भाव चारचौघांत दाखवायचा तर बाजाराला फी द्यावी लागे, आणि ती मोठ्या हॉटेलाला जितकी तितकीच या तीन खुर्च्यांना. "आपण निदान पाणी लावून करतो," मालक म्हणायचे, "बाजार आपली बिनपाण्याने करतो." पण भरायचे. समोरच नवं चकचकीत सलून उघडलं होतं, आणि तिथेही पडदा होता. पडदा गेला असता तर निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली असती, आणि उरलेली त्यांना बघायला.

एका सकाळी तोंडाला फेस लावलेल्या वकिलांनी पेपरातली बातमी मोठ्याने वाचली. नियामक मंडळाने बाजाराचे कान उपटले होते. सरसकट फी बंद. यापुढे ज्याच्याकडे जितके पडदे, त्याला तितकी फी. लहान दुकानदारांवर अन्याय नको.

"म्हणजे आपल्याला एकाचीच!" मालक ओरडले आणि त्यांनी गिऱ्हाइकाच्या गळ्यातलं कापड काढून स्वतःभोवती गिरकी घेतली. कापडावरचे केस सगळीकडे उडाले. धाकट्या कारागिराने पावडरचा डबा वाजवला. मास्तर तर अर्ध्या दाढीनिशी नाचले.

वहिनी टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. "अहो, पण एवढं चांगलं कसं होईल?"

"झालं! हिच्या तोंडून एकदा तरी छान म्हणून येऊ दे!"

चार दिवसांनी बाजाराचा तपासनीस आला. किडकिडीत, चष्मेवाला, अतिशय नम्र. हातात मोजणीचं छोटं यंत्र, बटण दाबलं की टिक वाजणारं. त्याने पडद्याकडे पाहिलं. टिक. मालक हसून म्हणाले, "झालं की मग. चहा घ्या."

तपासनीस आरशांकडे वळला. टिक, टिक, टिक.

"अहो साहेब, ते आरसे आहेत!"

"बाजाराने नियमावली काढली आहे," तपासनीस ओशाळून म्हणाला. "चालू भाव लोकांना जिथे दिसेल तो प्रत्येक पडदा, फलक वा पृष्ठभाग. आरशात दिसतोय ना?"

"उलटा दिसतो!"

"उलट्याला सूट नाही."

मग त्याला मान दाखवायचे हातातले आरसे दिसले. टिक, टिक. घासूनपुसून लखलखीत केलेला स्टीलचा पाण्याचा डबा, ज्यात सोन्याचा भाव नाचत होता. टिक. दाराची काच. टिक. शेवटी तो वकिलांच्या मागे थबकला. वकिलांच्या डोक्यावर, अगदी मध्यभागी, साखर कारखान्याचा भाव स्पष्ट दिसत होता.

त्याचा अंगठा बटणावर गेला.

"हे सजीव आहे," तपासनीस बऱ्याच विचाराने म्हणाला. "निर्जीव पृष्ठभागच मोजायचे." आणि बटणावरचा अंगठा काढून घेतला.

"मी आभारी आहे," वकील म्हणाले.

तरी आठ झाले. आठपट फी म्हणजे सलूनला कुलूपच. "सोमवारी पुन्हा येतो," तपासनीस म्हणाला. "तोवर काही कमी करता आलं तर बघा. मलाही बरं वाटेल."

तो गेला आणि मालक खुर्चीत धप्पकन बसले. वहिनी मागे जाऊन टॉवेलांना तिसऱ्यांदा इस्त्री करू लागल्या. लेक संध्याकाळी आली आणि फर्मानं सोडू लागली. "आरशांवर टॉवेल टाका!"

टाकले. पहिलंच गिऱ्हाईक अर्ध्यात किंचाळलं, "माझ्या डोक्याचं काय चाललंय ते मला कळायला नको?"

"खुर्च्या उलट्या फिरवा!"

फिरवल्या. आता पडदा समोर, आरसा पाठीशी. मालकांच्या डावीकडच्या गोष्टी उजवीकडे गेल्या आणि एका सज्जन दलालाचे दोन कल्ले दोन वेगळ्या उंचीवर उतरले. तो बिचारा म्हणाला, "असू दे, भाव तरी चढलाय."

शेवटी पडदा भिंतीवरून उतरवला आणि कुठे ठेवायचा म्हणून मागच्या खोलीत, टॉवेलांच्या फळीवर नेऊन ठेवला. तो बंद करायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

शनिवारची सकाळ. त्या दिवशी बाजाराचं जादा सत्र होतं. सलून जवळजवळ रिकामं. मास्तर आणि वकील तेवढे इमानाने आले होते; वकील बाकावर, मास्तर खुर्चीत मान मागे टाकून, आणि मालकांचा वस्तरा त्यांच्या गळ्याच्या घाटीवर होता. मागे वहिनी टॉवेलाची घडी घालत होत्या. समोर पडदा. मास्तरांची सगळी पुंजी कापडगिरणीच्या शेअरात होती हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. आणि कापडगिरणी धाडकन उतरली.

मास्तरांना सांगायला तर हवं. पण सांगितलं आणि ते दचकले तर? वस्तरा कुठे, गळा कुठे!

"अहो, वस्तरा वर!" त्या किंचाळल्या.

इतक्या वर्षांच्या संसारात मालकांना एवढं कळत होतं, की या आवाजात विचारायचं नसतं. वस्तरा वर गेला.

"मास्तर, गिरणी तीन टक्क्यांनी उतरली हो!"

मास्तर खुर्चीतून वीतभर उडाले. खाली आले. गळ्याला ओरखडासुद्धा नाही.

"आणि सिमेंट?" बाकावरून वकिलांनी हळूच विचारलं.

वहिनींनी पडद्याकडे बघितलं. "सिमेंट एकने चढलं. पण तुम्ही एवढं वाकून बसू नका, पाठ धरेल."

ही गोष्ट गल्लीभर पसरली आणि सोमवारी सकाळी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनी आत, पडदा एकट्या त्यांच्यासमोर, दार फटीपुरतं उघडं. फटीतून त्यांना तिन्ही खुर्च्या दिसत, खुर्च्यांतून पडदा कुणालाच नाही. आणि त्यांचा आवाज! जन्मभर "सांभाळून जा" म्हणून जिन्यावरून ओरडलेला आवाज तो, पार पानाच्या टपरीपर्यंत पोचत होता.

"सोनं जागेवर आहे, चिंता नको! मधल्या खुर्चीतले, तुमचा दात दुखत होता ना, दाखवला का? औषध कंपनी दोनने वर! वस्तरे वर, तिन्ही! वर गेले? ... तेल पाचने पडलं!"

तीन गिऱ्हाइकं एकदम उडाली, एकदम खाली आली. तीन वस्तरे खाली आले. बाहेर उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या चकचकीत सलूनमधला एक जण गळ्यातल्या कापडासकट रस्ता ओलांडून आला. "तिकडे नुसतं दिसतं हो," तो धापा टाकत म्हणाला, "धीर कुणी देत नाही."

आणि त्याच्या मागोमाग तपासनीस आला.

गर्दी आपोआप दुभंगली. मालकांचा चेहरा पांढरा पडला, अगदी फेसासारखा. तपासनिसाने भिंत पाहिली, आरसे पाहिले, डबा उचलून आत डोकावून पाहिलं. कुठेच आकडा नव्हता. "पडदा काढलात?" त्याने विचारलं, आणि नेमकं तेव्हाच आतून आलं, "वीज कंपनी अर्ध्या टक्क्याने खाली, पण तिचं हे रोजचंच आहे!"

तपासनिसाने यंत्र खिशातून काढलं. अंगठा बटणावर ठेवला. उचलला. मग फोन काढला.

"साहेब, इथे भाव ऐकू येतोय. नाही, दिसत नाही. ऐकू येतोय. ... एक वहिनी आहेत. ... नाही, कंपनी नाही साहेब, वहिनी!"

पलीकडून बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत होता. सलूनमध्ये एक कात्री वाजत नव्हती. दाराच्या फटीमागे वहिनींनी टॉवेल घट्ट धरला होता. आपणच घोळ घातला, त्यांना वाटत होतं. गप्प बसले असते तर निदान माफी मागता आली असती.

"नियमात फक्त दिसणं आहे," तपासनीस फोन कानाला लावूनच पुटपुटला. "पृष्ठभाग हवा, साहेब. आवाजाला पृष्ठभाग नसतो." वकील उभे राहून म्हणाले, "अगदी बरोबर! हवं तर लेखी देतो." पलीकडून काहीतरी खेकसल्याचं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

"साहेब म्हणाले, दिसतंय तेवढंच मोज आणि जेवायच्या आधी परत ये." तो दाराशी गेला. "वहिनी, आत तुमच्याशिवाय कुणाला दिसतो का हा पडदा? मला खात्री करावी लागेल. जरा बाहेर येता?"

वहिनी बाहेर आल्या. तपासनीस आत शिरला, इकडून वाकला, तिकडून वाकला, इस्त्रीच्या तळात बघितलं. तिचा तळ इतका काळवंडला होता, की त्यात काहीच दिसत नव्हतं.

टिक.

सगळे कान टवकारून थांबले. पुढची टिक आली नाही.

"एक," तपासनीस बाहेर येत म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. "एकाचीच फी."

मालकांनी तपासनिसाला मिठी मारली, त्याच्या कोटाला पांढरा फेस लागला. पावडरचे डबे वाजू लागले, बाहेरचे आत घुसले, मास्तरांनी वकिलांच्या टकलाचा मुका घेतला. लेक कॉलेज बुडवून आली होती ती दारातूनच ओरडली, "आई, ऐकलंस का? एक!"

"ऐकलं गं. तू इथे कशी? बरं नाही का वाटत?"

"वहिनी!" बाकावरून दलाल कळवळला. "तुम्ही बाहेर, भाव आत! तेलाचं काय झालं?"

"वहिनी, सोनं!"

"वहिनी, गिरणी!"

"आले, आले, ढकलू नका, पडेल कुणीतरी!" म्हणत वहिनी धावल्या, तपासनिसाला बाजूला सारून आत शिरल्या, टॉवेलांच्या ढिगावर बसल्या आणि चष्मा नाकावर ढकलून बघतात तो काय, पडद्यावरचे भाव डोंगरासारखे वर गेलेले! त्यांनी छातीवर हात ठेवला.

"सगळं चढलंय हो," त्या म्हणाल्या. "सगळंच्या सगळं. काय होणार आहे कुणास ठाऊक!"