धाहार

पोनिया आठ दिवसांनी कामावर आली. लेकीचं बाळंतपण उरकून आली होती. येते तो काय, तुमिरा आजींच्या उशाला नळी ठेवलेली. चार वाजता डॉक्टर येणार आणि नाकातून ती पोटात घालणार. आजींनी चार दिवस तोंड मिटून घेतलं होतं.

एन्दाहबाई, वृद्धाश्रमाच्या नव्या व्यवस्थापिका, यांचं म्हणणं एवढंच की अकरा म्हाताऱ्यांना एकटीनं भरवायचं, तर माणशी सात मिनिटं. बोलण्यात वेळ घालवायचा नाही. मग भरवणाऱ्या पोरींनी बोलणंच आखडतं घेतलं. ‘मंगान, आजी’ म्हणायचं, चमचा पुढे करायचा. आता तिथल्या भाषेत मंगान म्हणजे खा. लेकरांना म्हणतात, मांजरालाही म्हणतात. वडीलधाऱ्यांना म्हणायचं ते धाहार, मानाचा शब्द.

पोनियानं हात धुतले. साबणानं तिच्या बोटांना कायमच्या भेगा, आणि म्हाताऱ्यांना कुशीवर वळवून वळवून कंबर केव्हाच कामातून गेलेली. तरी वाटी घेऊन ती आजींच्या खाटेशी खाली फरशीवर बसली.

एन्दाहबाई दारात आल्या. उभी राहून भरव म्हणाल्या, लवकर होतं. वर विचारलं, ही आजी काय राजवाड्यातून आलीय? बाजारात टेम्पेच्या वड्या विकायची बाई.

“म्हणूनच बसलेय,” पोनिया म्हणाली. “साठ वर्षं गिऱ्हाइकांनी हिला मंगानच ऐकवलं. मानाचा शब्द पहिल्यांदा इथं ऐकला, दोन वर्षांपूर्वी, माझ्याच तोंडून. तेव्हापासून जेवताना ती पदर नीट करते. तो शब्द काय बाजारातून विकत आणावा लागतो, बाई?”

“तुझ्याविरुद्ध नोंद करावी लागेल मला.”

“करा की. माझं नाव नीट लिहा. पोनिया, ऐकू येत नाही पण लिहिताना शेवटी ह आहे.”

बाई घड्याळ बघत तिथंच उभ्या राहिल्या. पोनियानं आजींना हळूच सांगितलं, आपण धाहार करावं. आजींचे ओठ चिकटल्यासारखे मिटलेले. पुन्हा सांगितलं. आजींनी डोळे उघडले आणि पुटपुटल्या, तू जेवलीस का गं?

पोनिया शाळेत तीनच इयत्ता शिकलेली. मानाची भाषा तिनं शिकल्यासवरलेल्यांकडून नाही, लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता उचललेली. गडबडीत तिनं सांगून टाकलं, “मी मघाशीच धाहार केलं, आजी.”

आता हा शब्द स्वतःसाठी कधी वापरत नाहीत. आपणच आपल्या नावामागे श्रीमती लावून मिरवावं, तसलं ते. दारात एन्दाहबाईंनीही हसू दाबायला ओठ चावला. आणि तुमिरा आजी, चार दिवस उपाशी, त्या खाटेवर खदखदून हसायला लागल्या. दात नव्हतेच, नुसतं गुलाबी तोंड उघडं.

“अगं बाई, राणीसाहेब धाहार करून आल्यात,” आजी म्हणाल्या. “मग मीच का उपाशी?”

पोनियानं पहिला चमचा दिला. आंबवलेल्या सोयाबीनच्या त्या टेम्पेचे तुकडे खिमटात मऊ कुस्करलेले. वाटी संपायला पंचवीस मिनिटं लागली. एन्दाहबाई मध्येच निघून गेल्या. नळी मात्र जाताना स्वतःच्या हातानं उचलून घेऊन गेल्या. नोंद केली की नाही, ते कळलं नाही.

पलीकडच्या खाटेवर सार्जोआजोबा होते, रेल्वेतले जुने कारकून. एरवी मंगान म्हटलं की निमूट खाणारे. पोनिया वाटी घेऊन तिकडे वळली, तर त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि बोटानं फरशी दाखवली.

“बरं,” पोनिया म्हणाली, आणि कंबर धरून पुन्हा खाली बसली. “आता नऊ जण उरले. लिहीत बसा म्हणावं बाईंना.”