सूचीखालचं गाव

सिंगापूरमध्ये, यिशुनला आमच्या ब्लॉकखाली फ्रेमचं दुकान आहे. तिथून व्हार्निशचा वास आला की माझं डोकं फिरतं. काही वर्षांपूर्वी आमच्या तेल कंपनीने ऑफिसच्या भिंतीवर बोर्निओतल्या एका त्रिभुज प्रदेशाचे जुने नकाशे फ्रेम करून लावले होते. पिवळट कागद, हाताच्या शिरांसारखे फुटलेले नदीचे निळे फाटे आणि त्यांच्यावर देवीच्या व्रणांसारखे तेलविहिरींचे काळे ठिपके. ते बघायला बोलावलेले पाहुणे कॉफीचे कप घेऊन वा वा करत होते. आमच्यातली एक भूगर्भतज्ज्ञ त्याच मुलखातली होती. तिने समुद्राकाठच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि ती म्हणाली, “इथे माझ्या आजोबांचं गाव होतं. विहिरींसाठी उठवलं.” तिच्या बोटाखाली नकाशाची सूची होती. गावाच्या जागी चौकट आखून ठिपका म्हणजे विहीर, तुटक रेघ म्हणजे पाइपलाइन, असं सुबक अक्षरात लिहिलेलं. आमचे साहेब पुण्याचे. चेहऱ्यावरचं हसू ढळू न देता ते मला मराठीत म्हणाले, “आवर हिला. पाहुण्यांसमोर रडगाणं नको. चार झोपड्या असतील, त्याचं एवढं काय!” तिने मला विचारलं, “काय म्हणाले?” साहेबांनी डोळे वटारले. माझ्या आईची भाषा या माणसाने थुंकायला वापरली होती. मी सगळ्यांदेखत, खणखणीत इंग्रजीत, शब्दन् शब्द सांगितला, झोपड्यांसकट. तेव्हापासून साहेब माझ्याशी मराठी बोलत नाहीत. नकाशा मात्र अजून तिथेच आहे, आणि पाहुणे अजून वा वा करतात.