विसर्जन नावाची कमांड

चहाचा कप आधी खाली ठेवा बघू! मी जे सांगणार आहे ते ऐकून ठसका लागायचा, आणि माझ्या नावावर आधीच पुरेशी पापं आहेत.

तर आमची रत्नागिरीतली कंपनी एवढीशी. प्रोग्रामर लोकांच्या कामाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवते. आम्हीही तेच वापरतो; ज्याचं काम त्याच्या ब्रँचवर, म्हणजे झाडाची वेगळी फांदी म्हणा. त्यातल्या कमांडना मराठी नावं द्यायचं ठरलं आणि ते काम आलं माझ्याकडे. सण तोंडावर, डोक्यात नुसते गणपती! नवी ब्रँच काढायची कमांड 'स्थापना'. झालेली ब्रँच पुसून टाकायची ती 'विसर्जन'. सुचलं की नाही झकास?

आमच्या प्रमुख शमिका मॅडम म्हणाल्या, "सुहास, पुसते तर सरळ 'पुसा' म्हण की रे."

"सणासुदीला पुसा काय, मॅडम!"

"बरं, निदान पुसण्याआधी 'नक्की का' असं विचारेल ना ती?"

"बाप्पाला पाण्यात सोडताना कोणी विचारतं का, नक्की का म्हणून?"

सगळं ऑफिस हसलं. मी स्वतःवरच खूश! मॅडम एवढंच म्हणाल्या, "मी नाही हो चालवणार तुझी ही कमांड."

गणपतीच्या सुट्टीआधी मी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'गावी निघण्याआधी आपापलं विसर्जन करून जा. मोरया!' मला म्हणायचं होतं, जुन्या, काम संपलेल्या ब्रँचचं. पण तसं लिहिलं का मी? छे!

सुट्टी संपली. सकाळी ऑफिसात पाय ठेवतो तर लांज्याचा प्रथमेश खुर्चीत पुतळ्यासारखा बसलेला. दुपारी मोठं गिऱ्हाईक येणार होतं आणि प्रथमेशच्या आयुष्यातला पहिलाच डेमो.

"सुहास, परत आणायची कमांड कुठली रे?"

"काय परत आणायचंय?"

"माजा काम! डेमोचा! विसर्जन करून गेलेलो ना गावाला."

"अरे, चालू कामाचं कशाला केलंस?"

"तूच सांगितलंस, मेल्या! आनि विसर्जन केलेला परत येतो ना? आमच्याकडं तरी दरवर्षी येतो!"

काढा बघू चूक त्याच्या बोलण्यात! विसर्जन म्हणजे पुढच्या वर्षी लवकर या. कायमचं गेलं असं आपल्यातल्या कोणाच्या मनात तरी येतं का? तेवढ्यात पलीकडून नेहा किंचाळली, "अरे देवा, माझीपण ब्रँच नाही!" मग आणखी एक ओरडला. मग आणखी एक. अख्ख्या ऑफिसने भक्तिभावाने आपापलं चालू काम बुडवलं होतं!

मॅडम आल्या. "सुहास, तुझं तरी आहे का जागेवर?"

"माझं कसं जाईल? कमांड मी लिहिली, मॅडम!" असं म्हणत मी ऐटीत कॉम्प्युटर उघडला.

रिकामा!

आणि मग आठवलं. एसटी पकडायच्या गडबडीत मीसुद्धा ती चालवली होती, चालू कामावरच. वर स्क्रीनला हात जोडून 'पुढच्या वर्षी लवकर या' असंही म्हटलं होतं. आतली ओळ न् ओळ माझ्या हातची, आणि मी विश्वास ठेवला नावावर! माणूस इतका बावळट असू शकतो?

प्रथमेश रडवेला झाला. "आता गिऱ्हाइकाला काय दाखवू? मोदक?"

मॅडमनी शांतपणे आपलं मशीन उघडलं. तपासायला म्हणून सगळ्यांची कामं त्यांनी सुट्टीआधीच उतरवून घेतली होती, आणि माझी कमांड काही चालवली नव्हती. प्रथमेशचा डेमो झाला, चांगला झाला. मी मात्र दिवसभर कोणाकडे मान वर करून बघितलं नाही.

संध्याकाळी मॅडमनी कमांडचं नाव बदललं, 'कायमचं पुसा'. शिवाय पुसण्याआधी दिसेल असा इशारा लिहिला: 'हे परत येणार नाही. नक्की पुसायचं का? सुहास, तूसुद्धा नीट वाच.'

ते शेवटचं वाक्य नंतर काढायचं होतं म्हणे. राहून गेलं! सॉफ्टवेअर तसंच गिऱ्हाइकांकडे पोचलं. आता कुठून कुठून फोन येतात, "बाकी सगळं ठीक हो, पण हा सुहास कोण?"

फोन उचलायचं काम हल्ली माझ्याकडेच दिलंय. मी आवाज बदलून सांगतो, "होता एक. आम्ही त्याचं विसर्जन केलं."

तर पलीकडून विचारतात, "असं होय! मग परत कधी येतोय?"