मावशींची झावळी

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळी लावायच्या राखेसाठी अमरावतीच्या आमच्या चर्चमागे वाळल्या झावळ्या जळू लागल्या, की त्या वासानं माझे कान आजही लाल होतात.

तरुणपणी, राखेसाठी घरोघरून जमवलेल्या गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये वाटलेल्या आशीर्वादित झावळ्या अस्मादिकांनी सफाईच्या उत्साहात कचरागाडीत टाकल्या होत्या. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, तास उरलेला आणि कपाळी लावायला राखच नाही!

शेजारच्या मार्थामावशी घरी गेल्या आणि क्रुसामागची एक झावळी घेऊन आल्या. त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं आणलेली ती शेवटची.

"मावशी, ही कशी जाळू?" मी चाचरलो.

"काडी लाव, पोट्ट्या! दोन वर्सं झाले, माह्याच्यानं देववत नोती."

तेव्हा मी वाचलो एवढ्यावरच खूश होतो. मिस्सानंतर कपाळी राख लावून हसत घरी निघालेल्या मावशी मला आत्ता कुठे दिसतात.