डबा, नळ आणि शनिवार

लोकांकडे ऑफिसचे किस्से साठतात, माझ्याकडे साठलेत महापेच्या एका कॉम्प्युटर क्लासचे. घरी ऐकायला कोणी नाही, म्हणून आज तुम्हाला पकडलं!

तुर्भ्याची आमची कंपनी बंद झाली आणि कोपरखैरण्याच्या घरात मी एकटी उरले. आठवडाभर बोलायचा तो फक्त कुकर. म्हणून शनिवारचा क्लास लावला. बाजार कसा चालतो ते स्क्रीनवर चित्रात मांडायचं. साठा म्हणजे डबा, त्यात येणारा एक नळ, जाणारा एक. कशाने काय वाढतं-घटतं ते बाणाने जोडायचं, की झालं मॉडेल; आकडे भरले की सॉफ्टवेअर पुढचा आलेख काढतं.

•

कांद्याचे व्यापारी शिंदे गोदामाचं मॉडेल करताना बाहेरचा नळ बंद करायला विसरले. आलेख शून्याखाली!

"शिंदे, उणे चाळीस गोणी?" सर ओरडले.

"तेवढा सडका समजा, सर!"

•

करावेच्या भोईरकाकांचं आयुष्य खाडीवर गेलेलं. त्यांचं मासळीचं मॉडेल पाहून सर खूश झाले. "काका, पाच वर्षांत मासे दुप्पट!"

काका म्हणाले, "आलेख बेस हाय सर. पन खाडीला दाखवलाय का कोनी?"

•

मी एकदा बाण उलटा जोडला. भाव वाढला की खरेदी वाढते!

"ताई, महाग झाल्यावर कोण जास्त घेतं?"

"आमची अख्खी सोसायटी! अजून महागेल म्हणून."

सरांनी माउसवरचा हात काढला. मग म्हणाले, "राहू दे तो बाण." त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी हसत होते.

•

मग शिंद्यांचं येणं थांबलं. भोईरकाका नातवात अडकले. उरलेले फोन करून विचारत, "आज कोण कोण येतंय?" कोणी नाही म्हटलं की तेही येईनात.

सरांनी प्रत्येकाला ओळखीच्या गोष्टीचं मॉडेल करायला सांगितलं होतं. मी आमच्या क्लासचंच केलं. डब्यात विद्यार्थी, आतला नळ बंद, बाहेरचा सुरू. जितके कमी होतील तितकी गळती जास्त. आलेख तिथून सहाव्या शनिवारी शून्यावर टेकला. सरांना मेल केलं आणि खूप वाईट वाटलं.

सहाव्या शनिवारी साडी नेसून, पर्स घेऊन दारापर्यंत गेले आणि परत बसले. रिकाम्या वर्गापेक्षा रिकामं घर बरं, म्हटलं.

अकराला सरांचा फोन. "ताई, मॉडेल चुकलंय तुमचं."

"का? शून्यच आलं ना?"

"अहो, मी इथे बसलोय! मला कुठल्या डब्यात धरलंत?"