मिटता न येणारे पंख

जैबून मावशी लोणावळ्याहून परत आल्या, की आधी त्यांच्या बदकांना कळायचं. टाकव्याच्या एस.टी.तून उतरून त्या गल्लीत वळल्या, की अंगणातल्या जाळीमागे एकच कालवा उठे. मावशी चप्पलही न काढता खाली बसत, पदराची गाठ सोडत आणि चिक्कीचा चुरा बदकांपुढे धरत. त्या चिक्कीच्या कारखान्यात कामाला होत्या. वड्या पाडताना उरलेला चुरा मालक बायकांना नेऊ देई. बाकीच्या बायका तो पोरांसाठी नेत. मावशींना मूलबाळ नव्हतं.

आम्ही शेजारी. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ती मी. परीक्षेच्या दिवसांत मावशी बदकाचं उकडलेलं अंडं घेऊन कुंपणापाशी उभ्या राहत. "खा पोरी. रिकाम्या पोटी अक्कल चालत न्हाई," म्हणत आणि मी संपवेपर्यंत हलत नसत. माझ्या पदवीत त्या अंड्यांचा वाटा आहे, असं मी मानते.

एका वर्षी त्यांनी खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवून पिल्लं काढली. मुंगसाच्या भीतीने ती जाळीतच ठेवली, भाताच्या खाचरात सोडलीच नाहीत. सकाळी पाव, संध्याकाळी चुरा. पिल्लं बघता बघता फुगली. मग एका नराच्या पंखांची टोकं अंगाला चिकटेनात. ती बाहेर वळून दोन्ही बाजूंना ताठ उभी राहिली. पुढे आणखी दोघांचं तेच झालं.

"काय गं जैबून, इमानतळ काढलास व्हय?" समोरच्या सरूबाईंनी विचारलं.

"काढलाय की! तू तिकीट काढ, मंग बसवते," मावशी म्हणाल्या. सरूबाई गेल्यावर मात्र त्या कितीतरी वेळ त्या नराचा पंख हाताने मिटवत बसल्या. हात काढला की पंख पुन्हा बाहेर.

आमच्या गाईला लस टोचायला जनावरांचे डॉक्टर आले, तेव्हा मावशी नराला काखेत घेऊनच गोठ्यात आल्या. डॉक्टरांनी पंख चाचपला.

"खायला काय घालता?"

मावशींनी अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी पंख हळूच सोडला. मग म्हणाले, "वाढीच्या वयात फार जड खाणं झालं, मावशी. हिंडणं नाही. पिसं झपाट्याने वाढली, त्यांचा भार सांध्याला पेलला नाही. सुरुवातीलाच पंख मिटवून बांधला असता तर बसला असता. आता हाड तसंच वाकडं धरलंय. पण बदकांना कुठं उडायचं असतं? जगेल तो."

"उडायचं न्हाई ते ठावं हाय मला, डाक्टर. पन निजताना तरी पंख मिटाया नको का?"

तरीही त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून पंख बांधून पाहिले. पट्टी सोडली की पुन्हा तेच. पावसाळ्यात ते पंख चिखलात लोळत आणि बाकीची बदकं त्यांना टोचत. मावशी मग त्या नराला स्वयंपाकघरात चुलीपाशी घेऊन बसत. "माज्याच हातानं झालं रं बाबा," म्हणत.

ते डॉक्टर महिनाभर आधी आमच्या गोठ्यात आले असते तर, असं मला अजून वाटतं.

मागच्या वर्षी मावशी गेल्या. त्याआधीच्या त्यांच्या शेवटच्या पिल्लांचे पंख मात्र नीट बसले. मावशींनी चुरा आणणंच सोडलं होतं. पिल्लांना त्या सकाळीच खाचरात हाकलत. सुरुवातीला ती पायांत घोटाळत, पदर ओढत. मावशी ओठ दाबून घरात शिरत आणि दार लावून घेत. हळूहळू पिल्लं परस्पर खाचराकडे जाऊ लागली.

एका संध्याकाळी ती रांगेने परतताना सरूबाई म्हणाल्या, "आता बघ, कशी सायबावानी दिसत्यात!"

मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. बदकं त्यांच्यासमोरून गेली, एकानंही मान वळवली नाही.

"व्हय, ग्वाड निघाली," मावशी म्हणाल्या. "पन आता मला वळखत न्हाईत."