हायस्कूल बघायचा कार्यक्रम

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी थोरली मुलगी सातवी पास झाली. आमच्या वस्तीवरच्या शाळेचे वर्ग तिथेच संपत. शेळगाव फाट्यावरून एक एसटी बारामतीला जाई, दुसरी इंदापूरला. दोन्हीकडे चांगली हायस्कुलं होती. मी घरातला पहिला पदवीधर. वस्तीवरच्या शाळेतल्या गुरुजींनी हाताला धरून मला बी.ए.पर्यंत नेलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. त्यामुळे शाळा कशी निवडावी हे आपल्याला कळतं, अशी माझी समजूत होती. प्रयोगशाळा पाहावी, दहावीचा निकाल विचारावा, शिक्षकांशी बोलावं.

वडिलांना, म्हणजे आबांना, हे पटलं नाही.

"तू शिकलास, पर कुणाच्या घरी लेक दिलीयस का? मी तीन दिल्यात. पोरगी परक्या दारात जाणार, तर आधी घर बघाय लागतंय. दोन्हीतलं एक बी घर मनाला आलं न्हाय, तर पोरगी घरीच ऱ्हाईल."

शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले, पण मुलगी दारातच उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि आबांशी वाद न घालता मी त्यांच्या पद्धतीला होकार दिला.

घर बघायला मामा लागतो, म्हणून मुलीचा मामा आला. तो कुणाची तरी जीप घेऊन आला. आबांनी आणि त्याने परीटघडीचे पांढरे कपडे आणि टोप्या घातल्या. मुलगीही चप्पल घालून तयार झाली, तर आबा म्हणाले, "घर बघाय कुणी पोरगी नेतं व्हय?"

आधी बारामती. आमच्या भागात जीपमधून पांढऱ्या टोप्या उतरल्या की तपासणी तरी असते, नाही तर उद्घाटन. मुख्याध्यापक धावतच फाटकापर्यंत आले. आम्हाला कार्यालयात बसवलं. चहा आला, आणि मामाने रीतीप्रमाणे सुरुवात केली.

"घरात माणसं किती?"

"सगळी पदं भरलेली आहेत, साहेब."

"पाणी कुठलं?"

"नळाचं. टाकी कालच धुतली."

"एकमेकांत भांडणं?"

मुख्याध्यापकांनी रुमाल काढला. "तो विषय मिटलाय, साहेब. दोघांनी लेखी दिलंय."

मला राहवेना. मी म्हणालो, "सर, आम्ही तपासणीला आलेलो नाही. माझ्या मुलीला आठवीत प्रवेश पाहिजे."

ते ताडकन उभे राहिले. "आमची परीक्षा बघू नका, साहेब. इथं वशिल्यानं प्रवेश होत नाही!"

तेवढ्यात मुलींनी पेटीवर स्वागतगीत म्हटलं. आबांना शाल, मामाला नारळ मिळाला. आबांनी दोन शब्दही बोलून घेतले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना आबांनी निकाल दिला, "घर मोठं हाय. पर घरधनी घाबरट."

घरी मुलीने एकच विचारलं, "मला घेणार हायत का?" आम्ही तिघंही शालीकडे पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी इंदापूर. तिथे जीपकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. मुख्याध्यापिका वर्गावर होत्या. तास संपेपर्यंत आम्ही व्हरांड्यात उभे. मग बाई खडूचे हात झटकत आल्या. मामा लगेच म्हणाला, "पाणी कुठलं?"

"माठातलं. घ्या." त्यांनी स्वतः फुलपात्र भरून दिलं.

"भांडणं?"

"रोज. शिक्षकांची खोली ती समोर. बसा थोडा वेळ, ऐकायला मिळेल." मग त्यांनी आमच्यामागे पाहिलं. "मुलगी कुठंय?"

"ती घरी," मी म्हणालो.

"मग शिकायला कोण येणार, तुम्ही तिघं? तिला घेऊन या. तिच्याशी बोलल्याशिवाय मी काही ठरवत नाही."

जीपमध्ये आबा तापले. "आता पोरगी दाखवायची? घर आपण बघायचं का त्येंनी?"

"आबा," मामा हळूच म्हणाला, "फुलपात्र मात्र लख्ख होतं."

आबांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "व्हय. त्ये बघितलं मी."

तिसऱ्या दिवशी मुलगी आमच्यासोबत निघाली. बाईंनी तिला एकटीलाच आत घेतलं. उशिरा येणाऱ्या पोरांना ज्या बाकावर बसवत, तिथे आम्ही बसलो. मधली सुट्टी झाली, पोरांनी आमच्याभोवती कडं केलं. "यांनी काय केलंय रे?" एकाने विचारलं. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना निळे डाग होते.

"काय इचारलं गं बाईंनी?" आबा.

"मीच विचारलं. प्रयोग पोरंच करत्यात आन पोरींनी नुस्तं बघायचं, असं हाय का हितं? तर बाईंनी परीक्षानळीच हातात दिली. माझ्याकडनं सांडलं. म्हणल्या, पूस, आन पुन्हा कर." तिने डाग पुढे केले. "मी हितंच येणार."

आबा उठले. जीपमधून पेढ्यांचा पुडा आणला. तो त्यांनी कधी घेतला होता, मला ठाऊक नाही. रीतीप्रमाणे त्यांनी बाईंच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "बाई, आजपासनं लेक तुमची. संभाळून घ्या."

"आबा," मुलगी म्हणाली, "मी रोज संध्याकाळच्या एसटीनं घरीच येणार हाय."